पैशाचा घोर आणि ठिकाणावरचं डोकं

उसाचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. लागण, खतं, पाणीपट्टी, मुलांच्या फिया आणि घरातलं दुखणंखुपणं मात्र बारा महिने चालू असतं. त्यामुळे तोडीच्या आधी ऊसवाल्या घरात पैशाची ओढाताण असते आणि बिल जमा झालं की तेच घर जरा सुटवंग होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. तमिळनाडूतल्या विलुप्पुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांत 464 ऊसउत्पादकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला. माणूस तोच आणि डोकंही तेच, मग पैसे येण्याआधी आणि आल्यावर ते सारखंच चालतं का?

उत्तर 'नाही' असं आलं. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा हा अभ्यास 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोडीआधी शंभरातल्या 78 शेतकऱ्यांचं काही ना काही गहाण पडलेलं होतं. तोडीनंतर हे प्रमाण 4 वर आलं. आकृत्यांची कोडी सोडवण्याच्या चाचणीत तेच शेतकरी तोडीआधी कमी पडले आणि तोडीनंतर सरस ठरले. कारखान्याकडून तोडीची पाळी प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी मिळते, त्यामुळे हा हवामानाचा किंवा सणावाराचा परिणाम नाही, हेही पडताळता आलं.

पुढे झालेल्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, म्हणून एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये. पण ओडिशात पत्रावळी करणाऱ्या मजुरांवर झालेला दुसरा एक प्रयोग याच दिशेने बोट दाखवतो. मजुरी नगावर होती आणि हंगाम हातात पैसे नसण्याचा. काही मजुरांना मजुरीचा मोठा भाग काम संपण्याच्या काही दिवस आधीच दिला, बाकीच्यांना तो शेवटी मिळाला. एकूण मजुरी दोन्ही गटांची सारखीच होती. आधी पैसे मिळालेल्यांनी ते लगेच उधारी चुकवायला वापरले आणि त्यानंतरच्या दिवसांत त्यांच्या हातून जास्त पत्रावळी झाल्या. शिवाय कामात चुका कमी झाल्या. हात तेच होते. फक्त दुकानदार वाटेत गाठेल ही धास्ती डोक्यातून गेली होती.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की पैशाचा घोर नेमकी तीच शक्ती खातो, जी अडचणीतून बाहेर पडायला लागते. कर्जात बुडालेल्या माणसाला 'नीट विचार कर' असं सांगणं सोपं असतं, पण नीट विचार करण्याची ताकदच त्या वेळी उणावलेली असते. म्हणून हिशेब आणि मन या दोन्हींची काळजी एकाच वेळी घ्यावी लागते. 'आधी पैशाचं बघू, मनाचं नंतर' हा क्रम व्यवहारात टिकत नाही.

शरीर आधी बोलतं

संकट दिसलं की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं सोडतं. ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, झोप उडते. साप दिसल्यावर हे उपयोगी आहे, कारण दोन मिनिटांत साप जातो किंवा आपण जातो. हप्त्याचं तसं नसतं. तो दर महिन्याला येतो आणि त्याआधी आठ दिवस त्याची आठवण येते. सतत सज्ज राहिलेलं शरीर मग कुरकुरायला लागतं. पहाटे तीनला जाग येते आणि बेरजा-वजाबाक्या सुरू होतात. पित्त, मानदुखी, छातीत धडधड, भूक मरणं किंवा उगाच खात सुटणं, मुलांवर विनाकारण खेकसणं असे प्रकार सुरू होतात. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचे रुग्ण क्वचितच 'मला उदास वाटतं' असं सांगत येतात. अंग दुखतं, झोप लागत नाही, अशक्तपणा आहे, अशी त्यांची तक्रार असते. डॉक्टर ताकदीच्या गोळ्या देतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

दुसरीकडे डोकं एकाच बोगद्यात शिरतं. आजचा हप्ता दिसतो, पुढच्या महिन्याचा दिसत नाही. मग याची टोपी त्याच्या डोक्यावर असा खेळ सुरू होतो: पतसंस्थेचा हप्ता भरायला कार्डावरून पैसे, कार्ड भरायला ॲपवरून कर्ज, ॲपचं कर्ज फेडायला मेहुण्याकडून हातउसने. याला बेजबाबदारपणा म्हणून हिणवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की त्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात तेव्हा फक्त उद्याची तारीख असते.

हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी 2020 साली याविषयीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. उत्पन्न घटलं की नैराश्य आणि चिंताविकार वाढतात, आणि नैराश्यामुळे काम, कमाई आणि निर्णयशक्ती घटते, असं त्यातून दिसलं. चक्राचा दिलासा देणारा भागही याच आढाव्यात आहे. पैशाची मदत मिळाली की मन सुधारतं, आणि मनावर उपचार झाले की माणूस पुन्हा कामाला लागतो. म्हणजे ते कुठल्याही बाजूने तोडता येतं.

लाजेचं व्याज

आपल्याकडे कर्जापेक्षा कर्जाची लाज महाग पडते. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे खरं, पण आजारपण, नोकरी जाणं, गारपीट, कापसाचा पडलेला भाव यांत अंथरूणच आखडतं, पाय पसरलेले नसतात. तरीही माणूस तोंड चुकवतो. बँकेचं पाकीट उघडत नाही, अनोळखी नंबर उचलत नाही, लग्नाकार्याला जात नाही. बायकोला कळू नये म्हणून नवरा दुसरं कर्ज काढतो. नवऱ्याला कळू नये म्हणून बायको बचत गटाचा हप्ता मंगळसूत्र गहाण टाकून भरते. एका छपराखाली दोन हिशेब चालतात आणि दोघांनाही रात्री झोप नसते.

ही लपवाछपवी दोन गोष्टी करते. मदत करू शकेल अशा माणसांपासून तोडते, आणि बँकेशी बोलायची वेळ निघून जाते. हप्ता थकण्याआधी गेलेल्या माणसाला मुदत वाढवून मिळण्याची जितकी शक्यता असते, तितकी चार हप्ते थकवून गेलेल्याला नसते. तेव्हा पहिलं काम एका विश्वासू माणसाला खरा आकडा सांगण्याचं. 'थोडी अडचण आहे' असं मोघम सांगू नये, आकडाच सांगावा.

घोर कागदावर उतरवा

दुसरं काम कागद-पेनाचं. समजा, शहरातल्या एका नोकरदार घराचा पगार 42,000 रुपये आहे. भाडं 11,000, किराणा, गॅस, वीज 12,000, शाळा, प्रवास आणि औषधं 8,000. हातात उरले 11,000. आता देणी लिहू. दुचाकीचा हप्ता 3,611. मोबाइलचा हप्ता 1,500, तो अजून चार महिने आहे. क्रेडिट कार्डावर 50,000 थकलेत, त्याची किमान रक्कम 2,500. एका ॲपचे 9,000 याच महिन्यात द्यायचेत. मेहुण्याचे 20,000, त्याला मुदत नाही. हप्ते आणि किमान रक्कम मिळून 7,611 गेले की 3,389 उरतात, आणि ॲपचे 9,000 द्यायला 5,611 कमी पडतात. महिनाभर 'आता सगळं संपलं' म्हणून जो दगड छातीवर होता, त्यातला या महिन्याचा वाटा 5,611 रुपये निघाला. ही रक्कम लहान नाही, पण तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलता येतं. 'सगळं संपलं' याबद्दल कुणाशी काय बोलणार?

आता प्रत्येक देण्यासमोर वर्षाचा व्याजदर लिहा. तो निरनिराळ्या वेषांत येतो, म्हणून एकाच मापात आणावा लागतो. गावातला सावकार शेकडा पाच म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात. वर्षाचे 60 टक्के झाले. कार्डावर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42. आपल्या उदाहरणात 50,000 वर महिन्याचं व्याज 1,750 आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315 रुपये. किमान रक्कम म्हणून भरलेल्या 2,500 मधून मुद्दल फिटलं जेमतेम 435. दुचाकीचं कर्ज 'दहा टक्के फ्लॅट'ने घेतलेलं असेल, तर लाखावर तीन वर्षांचं व्याज 30,000 होतं, आणि घटत्या मुद्दलावर तोच दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो. सात टक्क्यांच्या मुदतठेवीला हात न लावता 42 टक्क्यांचं कर्ज पोसणारी घरं पुष्कळ आहेत. ठेव मोडायला जीव होत नाही हे समजण्यासारखं आहे, पण हिशेब ठेव मोडण्याच्याच बाजूने आहे.

आधी काय फेडावं? निव्वळ गणित सांगतं, सगळ्यांत महागडं. मनाचं गणित थोडं निराळं आहे. सिंगापूरमध्ये वर्षानुवर्षं कर्जात असलेल्या गरीब कुटुंबांना एका धर्मादाय योजनेतून एकदाच कर्जफेडीची मदत मिळाली. त्यांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती पूर्ण बंद झाली, यावर मनाचा हलकेपणा अवलंबून होता. बंद झालेल्या खात्यागणिक चिंता कमी झाली आणि विचारशक्ती सुधारली. यातून काढायचा व्यवहारी धडा असा: महागडं कर्ज आधी, पण एखादं छोटं खातं थोडक्यात बंद होत असेल तर ते करून टाकावं. वरच्या उदाहरणात ॲपचं कर्ज लहानही आहे आणि महागही, म्हणून पहिला नंबर त्याचा. मेहुण्याला मात्र गप्प राहून टाळू नये. 'मार्चपासून महिना दोन हजार देईन' असं सांगितलं की नातंही टिकतं.

या काळात दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जुनं कर्ज फेडायला ॲपवरचं नवं कर्ज घेऊ नये, आणि 'एका झटक्यात वसूल करू' म्हणून शेअरच्या टिपा, ऑनलाइन गेम किंवा दामदुप्पट योजनांच्या नादी लागू नये. बोगद्यात शिरलेल्या डोक्याला हे मार्ग फार आकर्षक दिसतात.

भीतीच्या जागी नियम

पैशाच्या ताणातला मोठा वाटा निव्वळ भीतीचा असतो, आणि बरीचशी भीती नियम माहीत नसल्यामुळे. हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. केवळ कर्ज फेडता न येणं ही दिवाणी बाब आहे. खोटी कागदपत्रं दिली असतील किंवा दिलेला धनादेश वटला नसेल तर प्रकरण वेगळं. न वटलेल्या धनादेशाची नोटीस आली तर वकिलाकडे जाण्यात दिरंगाई करू नये. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊ नये किंवा चारचौघांत पाणउतारा करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलं आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने तुमच्या मोबाइलमधली नावांची यादी आणि फोटो चाळणं हेही तिच्या नियमांत बसत नाही.

मायक्रोफायनान्सबाबत 2022 पासूनचा नियम असा की घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. बँक किंवा वित्तसंस्था तक्रारीला 30 दिवसांत दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 वर मिळते. ॲपवाले फोटो बदलून बदनामीची धमकी देत असतील तर तो सायबर गुन्हा आहे आणि त्यासाठी 1930 हा क्रमांक आहे. स्क्रीनशॉट पुसू नका, तोच पुरावा असतो.

सावकारीसाठी महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे. परवाना नसताना व्याजबट्टा करणं हा गुन्हा आहे, आणि अवैध सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पीक बुडालं आणि नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं, तर पीककर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते. बँकांची बरीच थकीत प्रकरणं लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. तडजोड करण्याआधी एक जाणून घ्या: 'सेटलमेंट' केल्याची नोंद पतअहवालात राहते आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. तरीही काही घरांसाठी तोच रास्त मार्ग असतो.

मनासाठी म्हणून काय करायचं

पैशाचे निर्णय सकाळी, पोटात काही असताना घ्यावेत. रात्री अकराला हिशेबाची वही उघडू नये. आठवड्यातला एक दिवस आणि एक तास पैशासाठी ठरवून द्यावा. इतर वेळी विचार आला तर 'रविवारी दहा वाजता' असं लिहून बाजूला ठेवावा. चिंता अशाने पळून जात नाही, पण ती सगळा दिवस खात नाही. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, मात्र पहाटेची जाग आणि दुसऱ्या दिवसाची खिन्नता ती वाढवते, आणि खिशालाही भोक पाडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामं सोडू नयेत. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट टाकत जातो: सकाळचं फिरणं, भजनी मंडळ, कट्टा, मैत्रिणीचा फोन. जितकं टाकतो तितकं मन आणखी खाली जातं. गोव्यात 'संगत' या संस्थेने याच निरीक्षणावर एक साधी समुपदेशन पद्धत उभी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठका घ्यायच्या; रुग्णाला आवडणारी आणि जमतील अशी छोटी कामं त्याच्यासोबत ठरवायची, पुढच्या वेळी काय झालं ते विचारायचं, अडचण आली तर तिचे तुकडे करून सोडवायची. 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने तीव्र नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं. शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प'ही विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आशा सेविकांनी घरोघरी ताण ओळखण्याचं काम केलं.

पैशाची तंगी असताना उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसातला बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि काम होत नसेल, तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावं लागतं. घराबाहेर पडणं जमत नसेल तर ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनाशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरातल्यांसाठी थोडं वेगळं. 'मी सुटलो की तुम्ही सुटाल', 'माझं ओझं तुम्हाला कशाला', असं कुणी बोलू लागलं, वस्तू वाटून टाकू लागलं किंवा अचानक सगळ्यांचा निरोप घेऊ लागलं, तर ती थट्टा समजू नये. त्याला सरळ विचारावं की जीव नकोसा झालाय का. असं विचारल्याने मनात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस बोलता होतो. त्याला एकटं सोडू नये, कीटकनाशकं आणि औषधांचा साठा हाताशी राहू देऊ नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'तुझ्यामुळेच ही वेळ आली' हे वाक्य त्या दिवशी कितीही खरं वाटलं तरी तोंडातून काढू नये. कर्जाचा हिशेब नंतर होतो.

ज्यांच्यावर आज हा घोर नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवणं सगळ्यांना जमत नाही. पण 500 रुपयांपासून सुरुवात करता येते आणि घरातल्या दोघांनाही सगळ्या खात्यांची माहिती असणं याला तर काहीच खर्च नाही. आणि ज्यांच्या उंबऱ्यावर हा घोर आज बसलेला आहे त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एवढंच करावं: आज एका कागदावर सगळी देणी लिहावीत, उद्या सकाळी तो कागद एका माणसाला दाखवावा आणि परवा बँकेत जाऊन मुदत मागावी. यातलं काहीच जमत नसेल, तर आत्ता 14416 लावावा.